आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत झाडे पुन्हा पुन्हा का मरतात: पान पाहून कारण ओळखण्याची रीत

मलावी सरोवरातील सिक्लिड मासे पाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. हौसेने झाडे लावली, आठ-पंधरा दिवस ती बरी दिसली आणि महिना-दीड महिन्यात टाकीत दगड आणि वाळू तेवढी उरली. पुन्हा झाडे आणली, पुन्हा तोच प्रकार झाला. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेनंतर पाळणारा निकाल देऊन मोकळा होतो की हे मासे झाडांचे वैरीच आहेत. मग तो एक तर प्लास्टिकची झाडे आणतो, नाहीतर टाकी उघडीबोडकी ठेवतो.

पुण्यातील माझ्या चार फुटी टाकीत हे चौदा महिन्यांत तीनदा घडले आणि तिन्ही वेळा मी दोष लाल झेब्रा जातीच्या एका दांडग्या नराला दिला. टाकी १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरची, म्हणजे कागदावर २४३ लिटरची आहे. दगड आणि वाळू वजा जाता तिच्यात पाणी सुमारे २०० लिटर राहते आणि त्यात अठरा मबुना, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणारे सिक्लिड, आहेत. तिसऱ्या वेळी मात्र मेलेली पाने फेकून देण्याआधी मी ती पांढऱ्या बशीत घेतली, खिडकीच्या उजेडात नीट पाहिली, आणि तेव्हा लक्षात आले की आधीच्या दोन वेळी जे झाले होते ते हे नव्हे. झाड उपटले जाणे, झाड विरघळणे, झाड उपाशी मरणे आणि झाड खाल्ले जाणे या चार निराळ्या गोष्टी आहेत. शेवटी टाकी सारखीच रिकामी दिसत असल्यामुळे आपण त्यांना एकच समजतो आणि एकीवरचा उपाय दुसरीवर करीत बसतो.

आधी मासा कोणता ते पाहावे

‘आफ्रिकन सिक्लिड’ हे दुकानातील नाव फार ढोबळ आहे. नायजेरियाच्या नदीप्रदेशातील क्रिबेन्सिस हाही आफ्रिकन सिक्लिडच, पण तो मऊ पाण्यात आणि झाडांच्या दाटीत सुखाने राहतो. त्याच्या टाकीत झाडे मरत असतील तर कारण सर्वस्वी दुसरीकडे शोधावे. टांगानिका सरोवरातील, रिकाम्या शंखांत घर करणाऱ्या लॅम्प्रोलोगसच्या छोट्या जाती पानाला तोंड लावीत नाहीत, मात्र शंखाभोवतीची वाळू सतत उपसत राहतात. मलावीतील पीकॉक, म्हणजे ऑलोनोकारा, वाळूत दडलेले बारीक किडे हुडकून खातो आणि पाला हे त्याचे अन्न नाही. खरा प्रश्न मबुनांचा आहे. मलावीतील टोंगा लोकांच्या भाषेतून आलेला हा शब्द खडकांत राहणाऱ्या माशांना लावतात. खडकावर वाढलेले शेवाळ आणि त्यात राहणारे सूक्ष्म जीव खरवडून खाणे हाच यांतील बहुतेकांचा दिवसभराचा उद्योग असतो. त्यांचे दात तुकडे तोडण्यापेक्षा खरवडण्यासाठी अधिक घडलेले आहेत, आणि पानावरची खूण वाचताना ही गोष्ट फार उपयोगी पडते. मबुनांतही यलो लॅब हा प्रामुख्याने किडे खाणारा आणि झाडांच्या बाबतीत पुष्कळसा सभ्य मासा आहे. लाल झेब्रा, केनयी आणि डेमासोनी यांच्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

मलावीत झाडे नसतातच, हा समजही खरा नाही. खडकाळ किनाऱ्यावर ती नसतात, पण उथळ वाळूच्या भागांत वॅलिस्नेरियाची कुरणे आहेत आणि शांत खाड्यांत सेराटोफायलम व पोटॅमोजेटॉनही आढळतात. हेमिटिलापिया ऑक्सिरिंकस नावाचा सिक्लिड वॅलिस्नेरियाचे लांब पान आडवे होऊन तोंडात धरतो आणि त्यावर साचलेला थर तेवढा काढून घेतो. पान जागच्या जागी राहते. निम्बोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी हा शिकारी मासा तळाशी मेल्याचे सोंग घेऊन पडतो तोही या कुरणांच्या आसपासच. तेव्हा सिक्लिड आणि झाड यांचे मुळातच वाकडे आहे असे मानण्याचे कारण नाही.

पान बशीत घेऊन काय पाहावे

झाड खराब दिसू लागताच त्याची दोन पाने काढावीत, एक सर्वांत जुने आणि एक सर्वांत नवे, आणि शक्य असल्यास एक मूळही. पांढऱ्या बशीत थोडे पाणी घालून ती पसरावीत. पान हिरवेगार, टवटवीत, मुळे पांढरी आणि अखंड, पण झाड पाण्यावर तरंगत होते, असे असेल तर ते उपटले गेले आहे. त्याला आजार कोणताच नाही. पान काचेसारखे पारदर्शक, बोटाला बुळबुळीत लागत असेल आणि हलकेच ओढताच बुडापासून सुटून येत असेल तर ते विरघळत आहे. भोके गोल, कडा गुळगुळीत, प्रत्येक भोकाभोवती पिवळे वलय आणि हा सारा प्रकार जुन्या पानावर, तर झाड उपाशी आहे. कडा चिंध्यांसारख्या फाटलेल्या असतील, किंवा पानाचा वरचा थर निघून खालची पातळ जाळी दिसत असेल आणि त्यावर बारीक समांतर ओरखडे असतील, तर आणि फक्त तरच तोंड माशाचे आहे. अस्सल खाणारा मासा बहुधा कोवळ्या पानापासून सुरुवात करतो, तर पोटॅशची उणीव जुन्या पानापासून. नवे पान शाबूत आणि जुने पान चाळणीसारखे असेल तर माशाला बोल लावू नये.

जावा फर्नच्या पानामागे दिसणारे तपकिरी-काळे ठिपके हा आजार नव्हे, त्या बीजाणूंच्या पुंजक्या असतात. पहिल्या वर्षी मी अशी पंधरा-वीस पाने कापून टाकली होती.

उपटलेले झाड

पहिल्या खेपेला मी वॅलिस्नेरियाची बारा रोपे एका रांगेत मागच्या काचेला लावली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाराच्या बारा फिल्टरच्या तोंडाशी गोळा झालेली दिसली. एकही पान कुरतडलेले नव्हते. त्या रांगेच्या मधोमध एका नराने विणीसाठी खड्डा काढला होता आणि त्या खड्ड्यात आलेली प्रत्येक वस्तू, मग ती रोप असो, खडा असो वा हीटरची वायर, त्याच्या मते अडगळ होती. मबुना वाळू उपसणारच. ही त्यांची खोड नसून घर करण्याची पद्धत आहे. त्यामुळे उपाय माशावर नाही, लावणीवर करायचा आहे.

दुकानातून आणलेल्या रोपाला मुळे जेमतेम असतात आणि ते वाळूत नुसते टोचलेले असते. असे रोप थेट टाकीत न लावता आधी तीन-चार आठवडे बादलीत किंवा जुन्या टबात, मातीच्या छोट्या कुंडीत वाळू भरून वाढवावे. खिडकीचा उजेड पुरतो. पाणी टाकीतलेच घ्यावे, म्हणजे पाण्याची सवयही तेथेच होते. कुंडीच्या भोकातून मुळे डोकावू लागली की कुंडीसकट टाकीत ठेवून तिच्या तोंडाशी लिंबाएवढे चपटे दगड रचावेत. कुंडी विद्रूप वाटते हे खरे, पण पुढे एक दगड उभा केला की ती दिसत नाही. झाडांसाठी टाकीतील दगडांची फेररचना करावी लागली तर दगड वाळूवर न ठेवता आधी थेट तळावर, पातळ थर्माकोलवर, बसवावेत आणि मग वाळू ओतावी. नाहीतर खणणारा मासा एखाद्या रात्री दगडाखालची वाळू काढून घेतो आणि दगड काचेवर येतो. फेररचनेचा एक फायदा असा की सर्व माशांच्या हद्दी एकदम मोडतात आणि नवी झाडे कोणाच्याच जुन्या हद्दीत शिरलेली ठरत नाहीत.

ज्यांना इतका खटाटोप नको त्यांनी वाळूत लावायची झाडे सोडूनच द्यावीत आणि दगडाला बांधायची घ्यावीत. अनुबियास आणि जावा फर्न यांचे रायझोम, म्हणजे आडवे वाढणारे जाड खोड, वाळूत पुरायचे नसतेच. पुरले तर कुजते. आपल्याकडचा काळा दगड, विशेषतः बारीक भोके असलेला, यासाठी उत्तम, कारण मुळांना धरायला जागा मिळते आणि दगडाने पाणी बदलत नाही. सुती दोरा दोन-तीन महिन्यांत कुजतो आणि मबुना तो त्याआधीच ओढून काढतात, म्हणून नायलॉनचा मासेमारीचा दोरा वापरावा किंवा फेविक्विकसारख्या झटपट गोंदाचा थेंब रायझोमच्या बुडाशी लावून दगडावर अर्धा मिनिट दाबून धरावा. हा गोंद सुकल्यावर माशांना अपाय करीत नाही. थेंब एक-दोनच असावेत. रायझोमभर गोंद थापला तर ते गुदमरते.

विरघळलेले झाड

दुसऱ्या खेपेची कथा अधिक लाजिरवाणी आहे, कारण तेथे मासा निर्दोष होता आणि सर्व काही मी स्वतः केले होते. झाडे या वेळी नीट रुजली होती. ती लवकर वाढावीत म्हणून मी ‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणारे औषध रोज घालू लागलो आणि त्याच पंधरवड्यात, दुकानदाराच्या सल्ल्याने, ‘आफ्रिकन मासे खाऱ्या पाण्यातले’ म्हणून मूठ-मूठ मीठही. दहाव्या दिवशी वॅलिस्नेरियाची पाने बुडापासून पारदर्शक होऊन गळू लागली आणि मी पुन्हा त्या नराकडे संशयाने पाहू लागलो.

लिक्विड कार्बन म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांत ग्लुटराल्डिहाइड असते. अनुबियास ते सोसते. वॅलिस्नेरिया त्यात हमखास विरघळते, आणि मबुनांच्या टाकीत सर्वांत आधी सुचवले जाणारे झाड वॅलिस्नेरियाच असते. मिठाचा गैरसमज तर फारच जुना आहे. मलावीचे पाणी खारे नाही, ते अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच ७.८ ते ८.६ च्या दरम्यान असतो, केएच म्हणजे कार्बोनेटचे काठिण्य ६ ते ७ अंशांच्या आसपास आणि जीएच म्हणजे एकूण काठिण्य त्याहूनही कमी, सुमारे ४. दख्खनच्या पठारावरील कित्येक बोअरवेलचे पाणी यापेक्षा जड असते! टांगानिकाचे पाणी बरेच पुढचे, पीएच ९ च्या जवळपास आणि केएच १७-१८. पण तेथेही काम खाण्याच्या मिठाचे नाही, बायकार्बोनेटचे आहे. पीएच वाढवायचा असेल तर खाण्याचा सोडा वापरावा, आणि तोही मोजून: १०० लिटर पाण्याचा केएच १ अंशाने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडा लागतो. मीठ झाडाला शोष आणते आणि मबुनांना त्याची गरज नसते.

विरघळण्याचे तिसरे एक कारण निरुपद्रवी आहे. रोपवाटिकांत अनेक जलवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, कारण तेथे त्या लवकर आणि शेवाळाशिवाय वाढतात. अशा रोपाची जुनी पाने पाण्याखाली टिकत नाहीत. ती गळतात आणि नवी, पाण्याला जुळणारी पाने येतात. अशा वेळी मुळे पांढरी आणि गड्डा टणक असेल तर झाड फेकू नये. गड्डा मऊ आणि काळा झाला असेल तर आशा ठेवू नये.

मात्र विरघळणारी पाने टाकीत तशीच राहू देणे या माशांच्या बाबतीत विशेष धोक्याचे आहे. कुजणाऱ्या पाल्यातून अमोनिया सुटतो आणि तो किती विषारी ठरेल हे पीएचवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भाग मुक्त, म्हणजे विषारी, रूपात असतो, पीएच ८.२ झाला की तोच भाग सुमारे ८ टक्क्यांवर जातो. म्हणजे जो कचरा मऊ पाण्याच्या टाकीत खपून जातो तोच सिक्लिडच्या टाकीत चौदा-पंधरा पट जड जातो. दुसऱ्या खेपेला माझे दोन मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले ते या कारणाने. पाने काढली, पाणी बदलले, तेव्हा संध्याकाळपर्यंत ते ठीक झाले.

उपाशी झाड

येथे थोडे रसायनशास्त्र टाळता येत नाही, कारण मबुनांच्या टाकीतील उपासमार साध्या टाकीहून वेगळी आहे. अठरा माशांच्या टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट यांची ददात नसते. मासे ते रोज पुरवतात. कमी पडतात त्या तीन गोष्टी: कार्बन डायऑक्साइड, लोह आणि पोटॅश.

पीएच ८.२ आणि केएच ७ असलेल्या पाण्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड लिटरला एक-सव्वा मिलिग्रॅमच उरतो; खास वनस्पतींच्या टाकीत लोक तो २० ते ३० मिलिग्रॅम ठेवतात. म्हणून कबोम्बा, रोटाला आणि तांबड्या पानांची बहुतेक झाडे येथे आणूच नयेत. ती दुकानात कितीही सुंदर दिसली तरी त्यांचा अंत ठरलेला असतो. सिलिंडर जोडून वायू सोडावा, असा विचार मनात येतो, पण हिशेब करून पाहिला की तो मावळतो: केएच १० असताना ३० मिलिग्रॅम गाठायचे तर पीएच ७ पर्यंत उतरवावा लागतो, म्हणजे ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पाणी मोडावे लागते. त्यापेक्षा बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकणारी झाडे निवडावीत. वॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि सेराटोफायलम यांना ते जमते. अशा पानांवर कधी पांढरा खरखरीत थर धरतो. तो रोग नसून चुना असतो, आणि व्हिनेगरचा थेंब टाकला तर त्यातून बुडबुडे निघतात. अनुबियास आणि जावा फर्न यांना बायकार्बोनेटची युक्ती साधत नाही, पण त्या इतक्या संथ वाढतात की थोडक्यात भागवतात.

लोहाची गोष्ट उसाच्या शेतकऱ्याला सांगावी लागणार नाही. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, नवी पाने फिकट पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, याचे कारण जमिनीत लोह नसते असे नव्हे. अल्कधर्मी मातीत ते पिकाला उचलता येईल अशा रूपात राहत नाही. सिक्लिडच्या टाकीत नेमके हेच होते. वनस्पतींच्या टाकीसाठी मिळणाऱ्या अनेक द्रव खतांतील लोह ईडीटीए या, लोह विरघळलेले ठेवणाऱ्या रसायनाशी बांधलेले असते आणि ते बंधन पीएच साडेसहा-सातच्या वर सैल पडते. डीटीपीएचे साडेसातपर्यंत धरते. आठच्या वर टिकते ते ईडीडीएचए. कृषी सेवा केंद्रात द्राक्ष आणि लिंबूवर्गीय बागांसाठी मिळणारी ६ टक्के लोहाची ईडीडीएचए पूड चालते, पण प्रमाण फार लहान ठेवावे लागते: २०० लिटर पाण्याला ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढे लोह द्यायचे तर पूड सुमारे एक तृतीयांश ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पाण्याला लालसर छटा येते, ती घाबरण्याची नाही. माझ्या टाकीत दुसऱ्या महिन्यात निघालेले अनुबियासचे पान तीन वर्षांत पहिल्यांदाच गडद हिरवे निघाले.

पोटॅशची उणीव हीच माझ्या तिसऱ्या खेपेची मुख्य कथा. जावा फर्नच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडू लागली, भोके मोठी झाली, आणि ती माशांनी पाडली असे मी दोन महिने समजत होतो. बशीत पाहिल्यावर भोकांच्या कडा गोल आणि पिवळ्या दिसल्या. एकही ओरखडा नव्हता. शेतकरी ज्याला झिरो झिरो पन्नास म्हणतात ते सल्फेट ऑफ पोटॅश २०० लिटरला अडीच ग्रॅम, पाण्यात विरघळवून, दर आठवड्याच्या पाणी बदलानंतर घालू लागलो. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम त्यातून मिळते. खताच्या पिशवीवर पहिला आकडा शून्यच असल्याची खात्री करावी; पहिला आकडा नत्राचा असतो आणि नत्रयुक्त खतात अमोनिया असण्याचा संभव असतो, त्याचे परिणाम वर सांगितलेच आहेत. भोके पडलेली पाने पुन्हा भरून येत नाहीत, म्हणून सुधारणा जुन्या पानावर शोधू नये. नवी पाने दोन-तीन महिन्यांनी जुनी झाल्यावरही अखंड राहिली, तर उपाय लागू पडला असे म्हणावे.

वॅलिस्नेरियासारख्या मुळांतून जेवणाऱ्या झाडांसाठी कोरल सँड, म्हणजे पोवळ्यांची वाळू, हे निव्वळ उपासाचे ताट. तिच्या मुळाशी दोन महिन्यांतून एकदा खताची गोळी खोल दाबावी. वरवर ठेवलेली गोळी मबुना त्याच दिवशी उकरून काढतात.

खरोखर खाल्लेले झाड

आता जे प्रकरण उरते ते माशांचे, पण तेथेही थोडा विचार करावा. मबुना पान खातो याहून तो पानावरचे शेवाळ खातो आणि त्यात पान सोलले जाते, असे बहुतेक वेळा घडते. अनुबियाससारख्या संथ झाडाच्या पानावर प्रखर उजेडात शेवाळाचा थर धरतो आणि तो थर मबुनांच्या दृष्टीने मांडलेले ताट असते. माझ्याकडे दिवा दहा तास चालू असे. तो साडेसहा तासांवर आणल्यावर आणि अनुबियासचे दगड दिव्याच्या थेट खालून हलवून कपारीच्या सावलीत नेल्यावर ओरखडे निम्म्याहून कमी झाले. त्या वेळी माशांत काहीही बदल केला नव्हता. शेवाळ खाऊ द्यायचे असेल तर ते उघड्या दगडांवर वाढू द्यावे. दिवा त्या बाजूला झुकवला की झाले.

दुसरे कारण आहार. मबुनांचे आतडे लांब असते आणि त्यांना वनस्पतिजन्य खाद्य लागते. प्रथिनांनी ठासलेल्या गोळ्या देऊन वाढवलेले मबुना झाडांवर अधिक तुटून पडतात, असे मी पाहिले आहे. अशा आहाराने त्यांचे पोटही बिघडते. खाद्य स्पिरुलिनाचे असावे, आणि आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पाने किंवा काकडीची चकती दगडाला अडकवून द्यावी. नवी झाडे लावण्याच्या दिवशी तर आधी भरपेट हिरवे खाऊ घालून, दिवे मालवल्यावरच लावणी करावी. उपाशी मबुनापुढे कोवळे पान ठेवणे म्हणजे बोक्याला शिंक्याची राखण देणे.

ओरखडे एका रात्रीत येत असतील, आणि तेही रुंद पानांच्या मधोमध, तर संशयिताची यादी बदलावी. अनेक टाक्यांत काच साफ ठेवायला म्हणून सकर मासा, म्हणजे प्लेको, सोडलेला असतो. तो दिवसा दगडाखाली पडून राहतो आणि रात्री रुंद पानांवर चिकटून त्यांची चामडी काढतो. दिवे मालवून दीड-दोन तासांनी बॅटरी घेऊन पाहावे. सिक्लिडांची बदनामी करणारे कितीतरी प्रसंग खरे तर याचे असतात.

एवढे करूनही एखादा मासा, बहुधा एकच, झाडे खातच राहतो. त्याच्यापुढे हार मानून झाड बदलावे. जाड, चिवट पानांचे अनुबियास बार्टेरी सर्वांत टिकाऊ. ते मूळ पश्चिम आफ्रिकेचे आहे, मलावीचे नव्हे, पण माशाला त्याचे काही नसते. जावा फर्नला बहुतेक मबुना एकदा चावून सोडून देतात. लिलीसारखा कांदा असलेले क्रायनम कॅलामिस्ट्रॅटम महाग आणि संथ आहे, पण त्याची दोरीसारखी कडक पाने कोणी खाल्लेली मी पाहिली नाहीत. त्याच्या कांद्याची मान वाळूच्या वर ठेवावी. क्रिप्टोकोरायनीच्या काही जाती आपल्या कोकण-सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या असल्यामुळे त्यांचा मोह होतो, मात्र ही झाडे हलवली की रुसतात आणि खणणाऱ्या माशांत त्यांना स्वस्थता मिळत नाही. आणि ज्यांना पाण्याखालच्या हिरव्या रंगापेक्षा नायट्रेट कमी करण्यातच रस आहे, त्यांनी घरातील मनी प्लांटच्या चार फांद्या फिल्टरच्या वरच्या कप्प्यात खोचाव्यात. मुळे माशांच्या आवाक्याबाहेर राहतात आणि पाने कार्बन हवेतून घेतात, त्यामुळे कार्बनची सारी अडचणच उरत नाही. माझ्या टाकीतील नायट्रेट सर्वांत जास्त उतरवले ते या झाडाने.

पाणी एकाएकी बदलल्यामुळे होणारा त्रास

एक प्रकार अजून राहिला, आणि तो दरवर्षी त्याच महिन्यांत होत असल्यामुळे ओळखायला सोपा आहे. सारे सुरळीत चालू असताना एप्रिल-मेमध्ये वॅलिस्नेरियाची पाने एकाएकी गळतात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा गळतात. मासे तेच, खत तेच, उजेड तोच. बदललेले असते पाणी. आमच्या इमारतीत एरवी महानगरपालिकेचे मऊ पाणी येते, माझ्या मोजणीप्रमाणे केएच ३. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की बोअरचे पाणी येते आणि त्याचा केएच १५ भरतो. नळ उघडून चाळीस टक्के पाणी बदलले की झाडांना एका दुपारीत जणू दुसऱ्या सरोवरात नेऊन टाकल्यासारखे होते. मासे हे सोसतात, वॅलिस्नेरिया पाने टाकते.

यावर माझा उपाय बादल्यांचा आहे. पाणी बदलण्याआधी नळाच्या पाण्याचा केएच दर वेळी थेंबांच्या टेस्ट किटने मोजायचा, बोअरच्या पाण्याची एक टाकी गच्चीवरून वेगळी भरून ठेवायची, आणि एक बादली बोअरचे व दोन बादल्या नळाचे असे मिसळायचे. ३ आणि १५ यांचे हे मिश्रण बरोबर ७ वर येते आणि सोडा घालावा लागत नाही. मे महिन्यात फक्त टँकरचेच पाणी असेल तेव्हा ते स्वयंपाकघरातील आरओच्या शुद्ध पाण्यात निम्मे-निम्मे मिसळायचे. पाणी दर आठवड्याला बदलायचे, पण पाव टाकीहून अधिक नाही, आणि नव्या-जुन्या पाण्याच्या केएचमध्ये दोन अंशांहून जास्त फरक असेल तर तेवढेच पाणी दोन दिवसांत विभागून घालायचे.